एक मूठ बाजरी

“मावशी, घरमालक कुठं हायेत?”

मी स्टुलावर उभी राहून छताची जळमटं काढत होते. डोक्याला जुना टॉवेल गुंडाळलेला, नाकातोंडावर ओढणी, हातात बांबूला बांधलेला झाडू आणि अंगावर तीन वर्षांची धूळ. वळून खाली बघितलं. दारात एक माणूस उभा होता – एका खांद्यावर टेबलफॅन, काखेत गादीची वळकटी. मला नुकतंच सव्विसावं लागलं होतं, आणि मावशी म्हणणाऱ्याला मी सहजासहजी सोडत नाही.

मी ओढणी खाली ओढली. “मावशी न्हाईत. भाची हाय. चालंल का?”

तो असा गोरामोरा झाला की खांद्यावरचा फॅन घसरला. त्यानं तो कसाबसा गुडघ्यावर झेलला. गुडघ्याला चांगलंच लागलं असणार, पण तो हसला. पुढच्या एका दाताचा टवका उडालेला होता. का कोण जाणे, तो दात बघून माझा राग अर्धा झाला.

“तोंड बांधलेलं होतं ना तुमचं… म्हणून.”

“आता सोडलंय. आता काय म्हणणार?”

तो फॅनच्या जाळीकडं बघत राहिला. “आता… मॅडम म्हणतो.”

बीडमधली ही एक खोली आणि तिला चिकटलेलं स्वयंपाकघर मी तीन वर्षं भाड्यानं घेतलं होतं. खाली मन्मथप्पांचं किराणा दुकान, मागं त्यांचं घर, वर मी. अप्पा फार भला माणूस, पण दुकानदारीत जन्म गेल्यानं त्यांच्या तोंडात ‘नाही’ हा शब्दच नाही. गिऱ्हाइकानं काहीही मागितलं की आधी ‘आहे, आहे’ म्हणायचं आणि मग माल शोधायला लागायचं. मला त्यांनी सांगितलं होतं, रविवारी संध्याकाळपर्यंत निवांत रिकामी करा. ह्याला सांगितलं होतं, शनिवारी सकाळी सामान घेऊन या. आज शनिवार होता. टेम्पोवाला ह्याची पेटी, शेगडी आणि दोन पोती जिन्यात उतरवून निघूनही गेला होता.

अप्पांना हाक मारली तेव्हा ते अर्ध्या जिन्यापर्यंत आले, हात जोडून लिंगायतांच्या रीतीनं ‘शरणार्थ’ म्हणाले, आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाले, “दोघंबी चांगली लेकरं हायेत. घ्या जमवून.” तेवढ्यात खाली कुणी तरी साबूदाणा मागितला आणि ते ‘आहे, आहे’ करत उतरले.

“जमवायचं म्हंजी काय?” मी विचारलं.

“मला बी न्हाई कळलं.” तो पोत्यावर टेकला. “असं करू. सामान गॅलरीत ठेवतो. रात्री मोंढ्याजवळच्या दोस्ताकडं झोपतो. आन् दिवसा तुमाला हात लावू लागतो सफाईला. एवीतेवी मलाच राहायचं हाय ना हितं.”

“वायरमन दिसता.” त्याच्या पिशवीतून पकडीची दोन टोकं बाहेर आली होती.

“अभिमन्यू,” तो म्हणाला. “तलवाड्याजवळचा. वीज कंपनीत हाय. बदली होऊन आलोय, परवा हजर व्हायचंय.”

मी त्याच्या हातात ओला फडका दिला. मदत हवी होती म्हणून दिला, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

आता ही सफाई म्हणजे काय, ते सांगायला हवं. नीलाकाकू – अप्पांच्या पत्नी – खोली परत घेताना जी तपासणी करतात ती आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे. पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून त्या वर येतात आणि बोट फिरवतात. खिडकीच्या गजांवरून, ओट्याच्या कडेवरून, बल्बच्या होल्डरवरूनसुद्धा. बोट काळं झालं की पुन्हा पहिल्यापासून. माझ्याआधी इथं राहणाऱ्या पोलीस भरतीच्या पोरांना त्यांनी एसटी स्टँडवरून परत बोलावलं होतं, एक गज पुसायला.

आणि हे सगळं करायचं मोजक्या पाण्यात. आमच्या गल्लीत नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. नळ येऊन सहा दिवस झाले होते आणि माझ्या वाट्याचं अर्धं पिंप उरलं होतं. त्यामुळं माझी पद्धत ठरलेली – काच पुसलेलं पाणी ओट्याला, ओट्याचं फरशीला, फरशीचं मोरीला. एक तांब्या चार ठिकाणी राबला पाहिजे. मी ओट्याशी होते, आणि मागून भस्सकन आवाज आला. ह्या गृहस्थानं अख्खी बादली फरशीवर ओतली होती.

“अवो, काय केलं हे?”

“धुतोय की.”

“हितं असं धूत न्हाईत. कुण्या गावाहून आलात?”

“गुहागरहून,” तो ओशाळून म्हणाला. “चार वर्षं तिकडंच होतो. तिकडं पाणी संपतच न्हाई, सवय मोडली बघा.”

माझ्या हातातला फडका थांबला. परवा मला जिथं हजर व्हायचं होतं ते गाव गुहागर होतं. तिथल्या सरकारी दवाखान्यात, रक्त-लघवी तपासायच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. चार वर्षं धडपडून हा ज्या गावाहून सुटून आला होता, त्याच गावाला मी तीन वर्षं धडपडून चालले होते. मी त्याला हे सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग हसायचा थांबला.

“म्हंजी मी आलो, आन् तुमी चालल्या.”

“व्हय.”

“हे काय बरोबर न्हाई,” तो म्हणाला आणि खाली बसून फरशीवरचं पाणी फडक्यानं पुन्हा बादलीत पिळायला लागला. थेंबसुद्धा वाया जाऊ दिला नाही. मी त्याच्याकडं बघत होते, हे त्याला कळलं नसावं अशी मला आशा होती.

दुपारी घोटाळा झाला. फडके कमी पडले म्हणून त्यानं आपलं एक पोतं उघडलं, आणि खोलीभर असा वास सुटला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“हे काय हाय?”

“सुकट,” तो म्हणाला. “शेजारच्या काकींनी निघताना दिली. न्हाई म्हणता येईना. लई माया केली त्यांनी माझ्यावर.”

“वायरमन, हे घर कुणाचं हाय ठाव हाय का तुमाला? हितं अंड्याचं नाव काढलं तरी काकू गोमूत्र शिंपडतेत.”

त्याचा चेहरा खरोखर उतरला. आणि नेमक्या त्याच वेळी जिन्यात बांगड्या वाजल्या. विचार करायला वेळ नव्हता. मी पोतं गॅलरीत ढकललं, फिनेलची बाटली उचलली आणि अर्धी मोरीत उपडी केली.

नीलाकाकू दारातच थबकल्या. नाकाला पदर लावला. “कसला गं वास?”

“मोरीतून येतोय, काकू. जाळीखाली उंदीर-घूस मेली असंल. ह्यांनीच शोधून काढलं.” मी त्याच्याकडं बोट दाखवलं.

काकूंनी त्याला खालून वर बघितलं. तो हात मागं बांधून, मान खाली घालून उभा. “शिव शिव. लेकराला आल्या आल्या घाणीत हात घालावा लागला,” त्या म्हणाल्या. “थांबा. आमच्या टाकीतलं दोन बादल्या पाणी देते, चांगलं धुवून काढा.”

नीलाकाकूंनी आपल्या टाकीतलं पाणी कुणाला दिल्याचं मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या खाली गेल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडं बघायचं टाळत होतो. मग त्याच्या नाकातून एक आवाज आला, आणि मी ओट्याला धरून खाली बसले. इतकी हसले की पोटात कळ आली.

“खोटं लई सफाईनं बोलता,” तो म्हणाला.

“तुमची खोली जायची होती म्हणून बोलले. माझी तर सुटलीच हाय.”

“म्हंजी माझ्यासाठी बोललात.”

“फिनेल बी माझंच गेलं,” मी म्हणाले. “त्याचं बघा आधी.”

सुकट नाल्याकडच्या मांजरांना मिळाली. येताना तो खालून दोन कप चहा घेऊन आला, आणि आम्ही गॅलरीत त्याच्या पेटीवर बसलो. तो मला गुहागर सांगत होता. पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, चपलेला बुरशी येते. भाकरी तांदळाची. माणसं आधी तिरकस बोलतात आणि मग जेवायला वाढतात. विजेच्या तारांवर फांद्या पडायच्या, हा भर पावसात खांबावर, आणि खालून कुणी तरी बाई ओरडायची, ‘पडशील मेल्या’.

“बाजरी घेऊन जा संगं,” तो म्हणाला. “तिकडं मिळत न्हाई. मला लई आठवण यायची.”

“घेतलीय. पाच किलो.”

“आन् घरच्यांना कोण बघतंय?”

मी चहाचा शेवटचा घोट घेतला. “घरचे फडात हायेत,” मी म्हणाले.

त्याला जास्त सांगावं लागलं नाही. आमचं गाव शिरूर कासारच्या पलीकडं. दिवाळी झाली की आई-अण्णा कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, यंदाही गेले. म्हणून तर मी एकटी घासत बसले होते. ही नोकरी मला कशासाठी हवी होती, तर हा त्यांचा शेवटचा हंगाम व्हावा म्हणून. अभिमन्यूचे आईवडीलही तोडायला जायचे. त्याला नोकरी लागली तेव्हापासून त्याच्या आईनं कोयता खाली ठेवला होता.

“परवा घरी गेलतो,” तो म्हणाला. “आई सकाळपासून उंबऱ्यात बसून होती. नऊची गाडी हाय सांगितलं, तरी सहापासून.”

मग जे बोलले ते कधी कुणाजवळ बोलले नव्हते. “आमची वाट कुणीच बघितली न्हाई कधी. जाणारे आमी सगळेच. मी ल्हानपणी संगं जायची. एप्रिलात परत यायचो, तवा दाराला कुलूप आन् कुलपाला गंज. अण्णा रॉकेल टाकून उघडायचे.” मी हसायचा प्रयत्न केला. “आता बी तेच. मी गुहागरला, ते फडात. मी सुट्टीला येईन तवा कुणाकडं येणार?”

तो काहीच बोलला नाही. त्यानं माझा रिकामा कप घेतला, आपल्या कपात ठेवला आणि दोन्ही विसळून आणले. मोजून अर्ध्या तांब्यात.

नोकरी हवी होती, ती मला मिळाली होती. आता मला एकच गोष्ट हवी होती – माझ्या येण्याकडं डोळे लावून बसणारं एक माणूस. ते हवं होतं हे मला बोलून झाल्यावर कळलं, आणि ते कोण असावं हे त्या कपांकडं बघताना. मला तो आवडला होता. एका दिवसात, फडके पिळता पिळता. आणि हातात उरला होता एक रविवार.

रविवारी तो सात वाजताच आला. मी केस धुतले होते. सफाईच्या दिवशी कुणी केस धूत नाही, पण धुतले होते. त्यानं बघितलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं… आणि म्हणाला, “भिंत राहिली वाटतं.”

भिंतीवर नोकरीच्या परीक्षेसाठी केलेलं माझं अभ्यासाचं वेळापत्रक होतं, पिठाच्या खळीनं चिकटवलेलं. त्यानं ओल्या फडक्यानं ते भिजवलं आणि नखानं हळूहळू सोडवायला लागला. सोडवता सोडवता वाचत होता.

“पहाटे चार ते सहा, रक्तशास्त्र. रोज चारला उठायच्या?”

“कागद रोज उठायचा. मी कधीमधी.”

कागद निघाला आणि खाली भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेलं उघडं पडलं. दुसऱ्यांदा नापास झाले त्या दिवशी मी लिहिलं होतं, ‘आता घरी काय सांगू’. ते लिहून मी त्याच्यावर कागद चिकटवला होता आणि विसरून गेले होते. कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या. त्यानं ते वाचलं.

“पुसा ना,” मी म्हणाले. “नवा भाडेकरू वाचंल.”

“वाचलं त्यानं,” तो म्हणाला. “आता पुसतो.” आणि त्यानं ते इतकं सावकाश पुसलं की मला दुसरीकडं बघावं लागलं.

मग खिळ्यांची भोकं. डब्याच्या झाकणात पांढरं सिमेंट कालवलं. तो अंगठ्यानं भोकात दाबायचा, मी मागून फडक्यानं सारखं करायचे. अकरा भोकं होती. सातव्या भोकाशी त्याचा अंगठा निघायच्या आधीच माझं बोट पोचलं. कुणीच हात काढला नाही. बाहेर गल्लीत भंगारवाला ओरडत गेला. सिमेंट सुकायला लागलं.

“मंजुषा…” तो म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदा मॅडम नव्हतं.

“हां.”

“…किती वाजता गाडी?”

“पाचची. पुण्यापर्यंत. तिथून पुढची.”

“बरं.”

आठव्या भोकाकडं वळलो आम्ही. मनात म्हटलं, खांबावर चढायला घाबरत नाही, आणि इथं फरशीवर उभं राहून ह्याच्या तोंडून शब्द फुटेना. पण खरं सांगायचं तर माझ्याही तोंडून कुठं फुटत होता. दोन दिवसांच्या ओळखीवर मुलीनं काय बोलायचं? त्यात मी जाणारी. जाणाऱ्यानं मागं कुणाला अडकवू नये, असं मी शहाण्यासारखं स्वतःला बजावत होते. शहाणपणाचा मला त्या दिवशी फार कंटाळा आला.

चारला सगळं आवरलं. बॅगा दाराशी, माझं सामान तीन पिशव्यांत. शेवटचं स्वयंपाकघर मी एकटीनं पुसलं. नीलाकाकू वर आल्या. गजांवरून बोट फिरलं – पांढरं. ओट्याची कडा – पांढरी. होल्डरसाठी अभिमन्यूनं त्यांना स्टूल धरून दिलं. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा तक्रारीला जागा नाही म्हणून जरा नाराज चेहरा केला. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या.

“मंजुषा, हे काय राहिलंय तुझं?”

आम्ही दोघं आत गेलो. ओट्यावरच्या फडताळात, कोपऱ्यात, घासलेला तांब्या काठोकाठ भरून ठेवलेला होता. शेजारी वाटीत मूठभर बाजरी, आणि बाजरीवर चिमूटभर मीठ.

ते मीच ठेवलं होतं. कधी ठेवलं, मला आठवत नव्हतं. पण तसं ठेवणारा हात माझाच होता, माझ्या आईचा होता. हंगामाला निघताना आई घर सारवायची, भांडी पालथी घालायची आणि कुलूप लावायच्या आधी शेवटी हे ठेवायची – पाणी, मूठभर धान्य, मीठ. घर रिकामं सोडायचं नाही. घराला वाटलं पाहिजे, माणसं येणार आहेत. मी लहान असल्यापासून दरवर्षी तांब्या भरायचं काम माझ्याकडं होतं.

“रिकामी कर म्हटलं तर भरून ठेवलीस बघ,” काकू म्हणाल्या. “उचल ते.”

मी हात पुढं केला. “राहू द्या, काकू,” अभिमन्यू म्हणाला. “मला लागंल.”

काकूंनी त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी बरोबर आणलेल्या डबीतलं कुंकू माझ्या कपाळाला लावलं, हातावर नारळ ठेवला आणि म्हणाल्या, “पोचलीस की फोन कर.” आणि मुद्दाम बांगड्या वाजवत खाली गेल्या.

स्टँडपर्यंत बॅगा त्यानं घेतल्या. मी पिशव्या.

“आमच्या घरी बी ठेवायचे,” तो म्हणाला. “बाजरी, मीठ आन् तांब्या.”

“हाताची सवय हाय. चुकून राहिलं.”

“मग फडातली पाचटाची झोपडी, कोपी, सोडताना कावून ठेवत न्हाईत आपण? तिथली तर चुलीतली राख बी भरून टाकतोत. जिथं परत यायचं न्हाई, तिथं कुणी ठेवतंय का?”

स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली होती आणि कंडक्टर दारात उभा होता.

“मला तीन वर्षं बदली मिळत न्हाई,” मी म्हणाले. “मी येईन ते सुट्टीला. चार दिवस. मी काल विचारलेलं, कुणाकडं येणार… तुमी काय बोलला न्हाईत.”

त्यानं बॅग वर चढवली, माझ्या जागेखाली सारली आणि खाली उतरून खिडकीशी आला. “अण्णांची टोळी कुठं हाय?”

“मी काय विचारते, तुमी काय विचारता.”

“तेच सांगतोय,” तो म्हणाला. “कुठं हाय?”

“कऱ्हाडच्या पुढं. नदीच्या कडेला पवारवस्ती हाय, तिथं कोप्या. मुकादम सुग्रीव म्हणून हायेत.”

तो मान हलवून तेच शब्द मनातल्या मनात म्हणाला. गाडी निघाली. त्यानं हात हलवला नाही. नुसता उभा राहिला, आणि गाडी वळेपर्यंत तिथंच होता, कारण मी वळेपर्यंत बघत होते.

गुहागरला समुद्र आहे हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. आधीचे दोन दिवस मी फोनकडंच बघत होते. काकूंकडून नंबर घेऊन त्याचा एकच निरोप आला – ‘पोचलात का’. मी लिहिलं, ‘हो’. मग त्याचं काही नाही, आणि माझी मान ताठ. दिवसभर लोकांच्या बोटांना सुया टोचायच्या, संध्याकाळी खोलीवर येऊन तांदळाची भाकरी थापायला शिकायची. घरमालकीण म्हणाली, “इथला मागचा तो वायरमन होता ना तुमच्याकडचा, अभिमन्यू, फार गुणी पोर.” मी म्हटलं, असेल. रात्री मला झोप आली नाही. वाट बघणारं कुणी मिळावं म्हणत होते, आणि मीच वाट बघत बसले होते.

चौदाव्या दिवशी, रविवारी, दिवस मावळताना आईचा फोन आला. मागं बैलांच्या घुंगरांचा आवाज, कुणाचं तरी पोर रडतंय.

“मंजे, हितं एक पोरगा आलाय.”

मी खाटेवर बसले. “कोण?”

“वायरमन म्हणतोय सोताला. पहाटंच्या यष्टीनं उतरला. म्या म्हणलं, लाईटीचा असंल, पर हितं कुठली लाईट. तर म्हणला, तुमच्या पोरीनं सोडलेल्या खोलीत राहतो.” आईनं श्वास घेतला. “दिवसभर तुझ्या अण्णासंगं फडात होता. उसाचं वाढं बांधलं, मोळ्या वाहिल्या. अण्णा म्हणले, पोराचा हात बसलेला हाय, मोळीची गाठ सुटत न्हाई.”

“आन् तो काय म्हणला?”

“तेच तर मला समजंना.” आईचा आवाज खाली आला. “दुपारच्याला भाकरी खाताना अण्णांपुढं हात जोडलं त्यानं. म्हणला, मंजुषा सुट्टीला येईल तवा मला तिची वाट बघायची हाय. तीन वर्सं लागली तरी बघतो. तुमी हो म्हणलात तर. आता तूच सांग, वाट बघायला कुणी परवानगी मागतंय का?”

माझे डोळे भरून आले. बाहेर कुणाच्या तरी अंगणात रॉकेलची नाही, विजेची लख्ख दिवाबत्ती लागली होती. तारा ह्यानंच कधी तरी ओढल्या असतील.

“अण्णा काय म्हणले?”

“अण्णा काय म्हणत्यात. तुझ्याकडं बोट दाखिवलं. म्हणले, पोरीला इचार.” आई जरा थांबली. “मी आता चूल पेटिवलीय. रातची गाडी हाय म्हणतो. त्याची भाकरी टाकू का?”

“टाक की आई. विचारायचं काय त्यात?”

“तसं न्हाई गं. कोण म्हणून टाकू, ते सांग. वाटसरू म्हणून टाकली तर चटणीसंगं देईन. लाईटीचा साहेब म्हणून टाकली तर…” तिनं वाक्य अर्ध्यावर सोडलं. आई असं वाक्य अर्धवट सोडते तेव्हा तिला उत्तर माहीत असतं.

मी डोळे पुसले. शब्द आता अडला नाही.

“मला तो आवडतो, आई. जावई म्हणून टाक.”

पलीकडं घुंगरं तेवढी वाजत राहिली. मग फोन तिच्या कानापासून लांब गेला. आधी अण्णांना हाक गेली, घोंगडी हांतरा म्हणून. आणि मग, सकाळपासून ज्याला ती पोरगा, पोरगा म्हणत होती त्याला, डोक्यावरचा पदर सारखा करून ती म्हणाली असणार, कारण आवाज तसा आला –

“उठा जावईबापू, हात धुवून घ्या.”